'हा' गुणिले ३ बरोबर 'हाहाहा'

पायथन उघडा आणि एवढंच टाइप करा:

'हा' * ३

एंटर दाबायचा अवकाश, संगणक 'हाहाहा' म्हणून मोकळा होतो. शब्दाला आकड्याने गुणणं शाळेतल्या गणिताच्या बाईंना अजिबात रुचलं नसतं, पायथनला मात्र त्यात काही वावगं वाटत नाही. यादीचंही तसंच. [०] * १२ म्हटलं की बारा शून्यांची यादी हजर. जानेवारी ते डिसेंबर, महिन्यागणिक पावसाची बेरीज ठेवायला बारा रकाने तयार, तेही लूप न लिहिता. (आकडे इथे देवनागरीत छापलेत, टाइप करताना इंग्रजी घ्या. त्यातही एक गंमत आहे, ती पुढे येईल.)

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असणं ही प्रोग्रामरची रोजची निकड. ती भागवायला बऱ्याच स्क्रिप्टिंग भाषांनी आपापली खूण निवडली. खूण एक-दोन अक्षरांची असते, पण ती कोणती घेतली आणि ती नेमकं काय करते यावरून भाषा घडवणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते कळतं. काही ठिकाणी हसू येतं, काही ठिकाणी अख्खी दुपार वाया जाते.

बेरीज की गुणाकार की घात?

पायथनचा जनक गिडो व्हॅन रॉसम आधी अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत एबीसी नावाच्या भाषेवर काम करत होता. एबीसीत दोन शब्द जोडायला ^ ही खूण होती आणि एकच शब्द अनेकदा हवा असेल तर ^^. १९८९च्या नाताळच्या सुट्टीत त्याने पायथन लिहायला घेतली, फेब्रुवारी १९९१मध्ये ती लोकांसमोर आली, आणि त्या दोन टोप्या गेल्या. पायथनमध्ये जोडायला अधिक, म्हणून पुनरावृत्तीला गुणिले. [०] + [०] + [०] आणि [०] * ३ सारखंच. तीच ती बेरीज पुन्हा पुन्हा केली की गुणाकार होतो, हे तिसरीच्या पुस्तकातलं गणित.

२०१२मध्ये आलेल्या ज्युलियाला हे पटलं नाही. तिचं म्हणणं असं की बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं, शब्द जोडताना मात्र क्रमाला महत्त्व आहे. 'पाव' आणि 'भाजी' एका क्रमाने जोडले तर टपरीवर मिळतात, उलट जोडले तर टपरीवाला तोंडाकडे बघतो. क्रम बदलल्यावर उत्तर बदलणं गणितात गुणाकाराला चालतं, मॅट्रिक्सचा गुणाकार तसाच असतो. म्हणून ज्युलियात शब्द जोडायला *, आणि मग पुनरावृत्तीला ओघानेच घात: "हा"^३. तर्क म्हणून हा सगळ्यांत चोख. लक्षात राहायला मात्र पायथनचा *, म्हणजे स्टारच बरा, असं माझं मत.

पर्लच्या लॅरी वॉलने गुणाकाराच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं. गडी भाषाशास्त्र शिकलेला. १९८७मध्ये त्याने पर्ल आणली तेव्हा पुनरावृत्तीसाठी चक्क 'एक्स' हे अक्षर घेतलं, कागदावर आपण 'दोन एक्स' लिहितो तसं. कारणही रास्त आहे. पर्लमध्ये अवतरणचिन्हांतल्या '३' आणि '४' यांचा स्टारने गुणाकार केला तर १२ येतात. शब्द आणि संख्या यांत पर्ल फारसा भेद करत नाही, म्हणून खूणच वेगळी हवी.

पर्लमध्ये खरा जीव कंसात. कंसाशिवाय ० एक्स ५ लिहिलं तर '०००००' असा सलग शब्द मिळतो. (०) एक्स ५ लिहिलं तर पाच शून्यांची यादी. त्याहून झकास चाल खुद्द पर्लच्या मदतपुस्तिकेत दिली आहे: आकड्याच्या जागी एखादी यादीच ठेवायची. संख्येच्या जागी बसवलेली यादी आपली लांबी सांगते, त्यामुळे (५) एक्स @गुण असं लिहून ते परत @गुण मध्ये टाकलं की यादीतल्या झाडून सगळ्यांना पाच-पाच गुण. वशिल्याचा असा लघुलेख दुसऱ्या भाषेत सापडणं कठीण.

तीन वेळा 'उन'

पायथनच्या अधिकृत शिकवणीत स्टारची ओळख करून देताना एक विचित्र उदाहरण येतं: तीनदा 'उन', आणि शेवटी 'इयम'. उत्तर, 'उनउनउनियम'. बरेच विद्यार्थी ही लेखकाची लहर समजून पुढे जातात. प्रत्यक्षात हे एका मूलद्रव्याचं नाव होतं. नव्या मूलद्रव्याला पक्कं नाव मिळेपर्यंत अणुक्रमांकाच्या आकड्यांवरून तात्पुरतं नाव द्यायची रीत आहे, आणि त्या रीतीत 'उन' म्हणजे एक. अणुक्रमांक १११, म्हणून तीन 'उन'. जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या प्रयोगशाळेत १९९४मध्ये ते बनवलं गेलं, आणि २००४मध्ये क्ष-किरणवाल्या राँटगेनच्या नावावरून त्याचं राँटगेनियम असं बारसं झालं. रसायनशास्त्राने जुनं नाव टाकलं, पायथनच्या शिकवणीने जपलं.

याच भाषेच्या उदाहरणांत जागोजागी 'स्पॅम' दिसतं तेही उगाच नाही. भाषेचं नाव अजगरावरून नसून 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून घेतलेलं. त्या मालिकेच्या १९७०मधल्या एका प्रहसनात उपाहारगृहाच्या मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थात स्पॅम, म्हणजे डबाबंद मांस, आणि कोपऱ्यात बसलेले व्हायकिंग त्याचाच घोष लावतात. नको असलेल्या ईमेललाही नाव मिळालं ते तिथूनच. पुनरावृत्तीची खूण असलेल्या भाषेला याहून शोभेसं घराणं कुठलं मिळणार!

एका चालीत डाव खलास

आता जरा सावकाश. फुली-गोळ्याचा पट मांडायचा आहे. तीन ओळी, प्रत्येकीत तीन घरं. स्टारवर हात बसलेला असतो, त्यामुळे आपण झोकात लिहितो:

पट = [['-'] * ३] * ३

छापून पाहावा तर नऊ डॅश, पट अगदी देखणा. पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात फुली मारू:

पट[०][०] = '×'

आणि पट दिसतो तो असा:

× - -
× - -
× - -

गोळेवाल्याची पाळी यायच्या आत फुलीवाला जिंकला!

झालं काय, तर बाहेरच्या स्टारने ओळीच्या तीन प्रती काढल्याच नाहीत. ओळ एकच आहे, यादीत तिचा पत्ता तीनदा लिहिलाय. खोल्या तीन नाहीत, एकाच खोलीला तीन दारं आहेत. कुठल्याही दाराने आत जाऊन भिंतीला रंग द्या, बाकीच्या दोन दारांतून तोच रंग दिसणार.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, मग आतल्या ['-'] * ३ ने का नाही घोळ घातला? तिथेही एकच डॅश तीनदा आहे की. बरोबर आहे. पण पायथनमध्ये अक्षरांची माळ आतून बदलता येत नाही. घरात फुली ठेवताना आपण डॅशला हात लावत नाही, त्याला उचलून त्या जागी दुसरी वस्तू बसवतो. शून्याचं, 'खरं-खोटं'चं, शब्दांचं असंच, त्यामुळे त्यांना स्टार खुशाल लावावा. बदलू शकणारी वस्तू, म्हणजे यादी किंवा डिक्शनरी, स्टारच्या तावडीत देऊ नये. पटासाठी बाहेरचा स्टार काढून त्या जागी चौकटी कंसातच 'फॉर' आणि 'रेंज(३)' घातलं की दर खेपेला नवी ओळ घडते आणि डाव सुरळीत चालतो. हा प्रश्न इतका जुना आणि इतका ठरलेला आहे की पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत त्याला स्वतःची जागा मिळाली आहे.

स्टार असा कंजूष का, त्याचं उत्तर हिशेबात आहे. ६४ बिटच्या यंत्रावर यादीतला प्रत्येक पत्ता ८ बाइटचा. दहा लाख शून्यांची यादी स्टारने केली तर ८० लाख बाइट, वर ५६ बाइट यादीच्या स्वतःच्या संसाराला. शून्य मात्र एकच, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे दहा लाख पत्ते. किती जागा लागणार ते स्टारला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो एका झटक्यात नेमकी जागा घेतो. 'फॉर' घातलेली यादी एकेक करत वाढते, पुढची सोय म्हणून थोडी जास्तच जागा धरून ठेवते, आणि वेळही जास्त खाते.

बाकी भाषा याच खड्ड्यात पडल्या का? बहुतेक पडल्या. रुबीत नवी यादी मागताना रिकामी यादी नमुना म्हणून दिली की तोच प्रकार, पण महिरपी कंसांचा ब्लॉक दिला की दर घराला नवी वस्तू. जावास्क्रिप्टचं 'फिल' तसंच वागतं, ज्युलियाचंही. सुटली ती पीएचपी, जिची टिंगल करायला सगळे टपलेले असतात. पीएचपीत यादी म्हणजे पत्ता नव्हे, खुद्द ऐवज. 'अॅरे_फिल'ने तीन रिकाम्या याद्या भरल्या तर आतून त्या एकच जागा वाटून घेतात, पण एकीला हात लावताक्षणी तिची वेगळी प्रत निघते. फुली एकाच ओळीत पडते. (ऑब्जेक्ट भरले तर पीएचपीतही पुन्हा तीन दारं, ही गोष्ट वेगळी.)

तीन फासे, एकच दान

लुडोसाठी तीन दानं हवीत म्हणून पायथनमध्ये चौकटी कंसात यादृच्छिक आकडा काढणारं फंक्शन ठेवून त्याला * ३ केलं, तर आलं पाच-पाच-पाच. पुन्हा केलं, दोन-दोन-दोन. फासा एकदाच पडतो, स्टार नुसतं दान तीनदा लिहितो.

राकू या भाषेत हीच ओळ तीन वेगवेगळी दानं देते. पर्लची ही पुढची पिढी. २०१५च्या नाताळात 'पर्ल ६' म्हणून आली आणि २०१९मध्ये तिचं नाव राकू झालं. शब्दासाठी एक 'एक्स', यादीसाठी दोन 'एक्स', अशी वाटणी तिने केली, म्हणजे पर्लच्या कंसांची कटकट मिटली. शिवाय दोन 'एक्स'च्या डावीकडे जे काही लिहाल ते दर खेपेला नव्याने चालवलं जातं. फासा खरोखर तीनदा पडतो. फुली-गोळ्याचा पटही बिनधोक.

नॅन नॅन नॅन बॅटमॅन

२०१२मध्ये गॅरी बर्नहार्ट नावाच्या प्रोग्रामरने एका परिषदेत पाचेक मिनिटांचं भाषण केलं. नाव 'वॅट'. त्यात रुबी आणि जावास्क्रिप्टच्या विक्षिप्तपणाचे नमुने होते, आणि शेवटचा नमुना आपल्या विषयातला. १६ घरांची रिकामी यादी घ्यायची आणि तिची घरं जोडायला मध्ये 'वॅट' वजा १ हा सांधा द्यायचा. शब्दातून एक वजा केल्यावर जावास्क्रिप्ट 'ही संख्या नव्हे' या अर्थाचं 'नॅन' देते. १६ रिकाम्या घरांमध्ये सांधे १५. शेवटी 'बॅटमॅन!' चिकटवलं की पडद्यावर १५ वेळा नॅन आणि मग बॅटमॅन. साठीच्या दशकातली बॅटमॅनची मालिका आणि तिची धून ज्यांना ठाऊक होती ते प्रेक्षक खुर्चीतून पडायचे बाकी राहिले.

गंमत सोडा, १५ आणि १६चा तो हिशेब जावास्क्रिप्टवाले वर्षानुवर्षं पोटापाण्यासाठी करत होते. शब्द दहादा हवा तर अकरा घरांची रिकामी यादी करून शब्दाचा सांधा द्यायचा. भाषेत 'रिपीट' आलं २०१५मध्ये, यादी भरणारं 'फिल'ही त्याच वर्षी.

तीन घरं मागितली की जावास्क्रिप्ट घरं देते की नुसता आभास, हाही वादाचा मुद्दा. यादीची लांबी तीन भरते, आत मात्र भोकं असतात. त्यांवरून 'मॅप' फिरवा, तुमचं फंक्शन एकदाही चालत नाही. आणि आकडा ३ देण्याऐवजी चुकून अवतरणचिन्हांत '३' दिलं, तर तीन घरं मिळत नाहीत, एका घरात '३' हा शब्द बसतो.

सगळ्यांत महागडी पुनरावृत्तीही याच भाषेतली. 'लेफ्ट-पॅड' नावाची ११ ओळींची एक पुडी होती. काम एवढंच, की शब्द ठरावीक लांबीचा होईपर्यंत डावीकडे तेच ते अक्षर लावायचं, ७ चं ००७ करायचं. मार्च २०१६मध्ये एका वादातून तिच्या लेखकाने आपल्या सगळ्या पुड्या सार्वजनिक भांडारातून काढून घेतल्या, आणि या ११ ओळींवर थेट किंवा आडून विसंबलेले जगभरचे प्रकल्प उभ्या उभ्या थांबले. भांडारवाल्यांना ती काही तासांत परत आणून ठेवावी लागली. पुढच्याच वर्षी हे काम करणारं 'पॅडस्टार्ट' भाषेत अधिकृतपणे दाखल झालं.

रुबीचा दुटप्पी स्टार

रुबीत यादी * ३ म्हटलं की यादी तीनदा. यादी * ', ' म्हटलं की मात्र घरं स्वल्पविरामाने जोडून एक शब्द. समोर आकडा आला की गुणाकार, शब्द आला की सांधेजोड! तिच्या मदतपुस्तिकेत स्टारचं उदाहरण म्हणून सांताक्लॉजचं 'हो! हो! हो!' आहे.

उणे एकदा हवं असेल तर? पायथन निमूट रिकामी यादी देते, पर्लही. रुबी आणि जावास्क्रिप्ट रागावतात. अडीचदा मागितलं तर पायथनही रागावते, पूर्णांकच लागतो. पण 'खरं' हे मूल्य तिच्या लेखी १ आणि 'खोटं' म्हणजे ०, त्यामुळे हे चालतं:

नाव + 'राव' * (वय >= ४०)

एकोणचाळिशीपर्यंत नुसता माधव, चाळिशी लागली की माधवराव.

महाराष्ट्राखाली किती डॅश?

शीर्षकाखाली रेघ ओढायची पायथनमधली सरधोपट रीत म्हणजे शीर्षकाची लांबी मोजायची आणि '-' ला तेवढ्याने गुणायचं. इंग्रजीत रेघ बेतशीर बसते. 'पुणे' लिहा, अक्षरं दोन आणि डॅश चार. 'महाराष्ट्र' लिहा, म-हा-रा-ष्ट्र अशी चार अक्षरं आणि डॅश दहा. कारण पायथन आपली अक्षरं मोजतच नाही, युनिकोडचे तुकडे मोजते. म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. झाले दहा. सुरुवातीच्या 'हाहाहा'ची लांबीही तिच्या हिशेबात तीन नसून सहा. मराठीत अहवाल छापणाऱ्याने ही रेघेची रीत सोडावी आणि सरळ चाळीस डॅश ओढावेत.

उलट याच तुकड्यांचा फायदाही आहे. 'ह' + 'ा' * ५ असं लिहिलं की एका 'ह'ला पाच काने लागतात. दाखवताना फॉन्ट मधे ठिपक्यांची वर्तुळं घालून निषेध नोंदवतो, म्हणून व्हॉट्सअॅपवर 'होऽऽऽ' म्हणणाऱ्यांना मी सांगतो, अवग्रह गुणणं जास्त सुबक दिसतं.

आता ती आकड्यांची गंमत. [०] * ५ हे देवनागरी आकड्यांत जसंच्या तसं टाइप केलं तर पायथन नाकारते. तोच '५' अवतरणचिन्हांत घालून 'इंट' या फंक्शनला द्या, बिनतक्रार पाच होतो. म्हणजे वापरणाऱ्याने मराठी कळफलकावरून ५ भरला तरी तुमचा प्रोग्राम चालतो. जावास्क्रिप्ट त्याच '५'ला 'नॅन' म्हणते, रुबी शून्य. (बॅटमॅनवाल्यांनी नोंद घ्यावी.)

नावं मात्र मराठी चालतात. २००८च्या पायथन ३ पासून 'पट', 'गुण', 'यादी' अशी नावं थेट देता येतात, 'यादी५' सुद्धा. म्हणजे ५ नावात चालतो, संख्येत चालत नाही. फक्त 'पायऱ्या' असं नाव देताना जपून. तो अर्धा र 'ऱ' वापरून काढला असेल तर पायथन काही म्हणत नाही. साध्या 'र'ला हलन्त लावून पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन काढला असेल, जे काही कळफलक गुपचूप करतात, तर न दिसणारं अक्षर सापडल्याची तक्रार येते. डोळ्यांना दोन्ही 'पायऱ्या' सारख्याच. जावास्क्रिप्ट ते अदृश्य चिन्ह नावात चालवून घेते.

चाळणीत दहा लाख दाणे

पुनरावृत्त यादीचा सगळ्यांत देखणा उपयोग कोणता, असं विचारलं तर मी इरॅटोस्थेनिसच्या चाळणीकडे बोट दाखवेन. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल. शंभरपर्यंतच्या मूळसंख्या शोधायच्या तर आधी सगळ्यांना 'मूळ' मानायचं, म्हणजे १०१ वेळा 'खरं' असलेली यादी करायची. ० आणि १ बाद. मग खुद्द २ सोडून २च्या पटीतले सगळे खोडायचे, मग ३च्या, ५च्या, ७च्या. पुढे जायची गरज नाही, कारण ११चा वर्ग १२१ शंभराच्या पलीकडे. उरल्या त्या २५ मूळसंख्या.

खोडतानाही लूप लागत नाही. पायथनमध्ये 'चारपासून पुढे, एकाआड एक' असा यादीचा तुकडा एकदम पकडता येतो आणि त्यावर तेवढ्याच लांबीची 'खोटं'ची यादी, अर्थात स्टारने बनवलेली, एका फटक्यात बसवता येते. दहा लाखांपर्यंत चाळलं तर ७८,४९८ मूळसंख्या निघतात. यादीला पत्त्यांपोटी ८० लाख बाइट लागतात. यादीऐवजी 'बाइटअॅरे' घेतला तर दर दाण्याला एकच बाइट, म्हणजे आठवा हिस्सा. स्टार तिथेही चालतो.

अअबबकक की अबकअबक?

'अ', 'ब', 'क' ही यादी दोनदा म्हणजे नेमकं काय? न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 'आर' ही भाषा घडवली, नावातही दोघांचा 'आर'. तिच्या 'रेप' फंक्शनला हा प्रश्न रीतसर विचारता येतो. 'टाइम्स' सांगितलं तर अबकअबक, 'ईच' सांगितलं तर अअबबकक. बियाण्याचे तीन वाण चार-चार वाफ्यांत लावलेत, त्याचा तक्ता करायला हे दोन्ही लागतं. संख्याशास्त्रज्ञांसाठी बनवलेली भाषा असल्याचं असं लगेच दिसतं. 'टाइम्स'ला एका आकड्याऐवजी तीन आकडे दिले तर अ तीनदा, ब दोनदा, क एकदा असंही निघतं.

पायथनमध्ये आकडेमोडीसाठी नमपाय ही लायब्ररी वापरणाऱ्यांना मात्र इथे हमखास ठेच लागते. साध्या [१, २, ३] ला २ने गुणलं की सहा घरं. नमपायच्या त्याच यादीला २ने गुणलं की २, ४, ६. तिथे स्टार म्हणजे खराखुरा गुणाकार. पुनरावृत्ती हवी तर 'टाइल' किंवा 'रिपीट' नावाने मागावी लागते.

नुसतं 'वाय वाय वाय'

युनिक्समध्ये 'येस' नावाची आज्ञा आहे, १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून. ती 'वाय' हे अक्षर ओळीमागून ओळ छापत सुटते, थांबवेपर्यंत. 'खात्री आहे का?' असं शंभरदा विचारणाऱ्या प्रोग्रामच्या तोंडावर मारायला हा हुकमी उपाय. 'येस'पुढे 'जय महाराष्ट्र' लिहिलंत तर तेही अखंड छापेल. पाचच हवेत तर तिच्यामागे 'हेड' जोडावं.

पायथनमधलं 'इटरटूल्स'चं 'रिपीट' त्याच गोत्रातलं. किती वेळा ते सांगितलं नाही तर अनंत काळ तीच वस्तू देत राहतं, आणि मेमरी जवळजवळ काहीच खात नाही, कारण यादी बनवतच नाही. त्याला कौतुकाने यादीत कोंबायला गेलात तर मेमरी भरेपर्यंत संगणक घरघरतो.

परार्धभर शून्यं

मोठ्यात मोठी यादी केवढी? आपल्याकडची परार्ध ही संख्या घेऊ, एकावर सतरा शून्यं. पायथनमध्ये ती १० ** १७ अशी लिहितात. [०] * १० ** १७ मागितलं की मेमरी संपल्याचा निरोप डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. संगणक आधी भरत बसत नाही, कारण स्टार एकूण जागा एकदम मागतो आणि ती भरते ८ लाख टेराबाइट.

रिकाम्या यादीला परार्धाने गुणा, [] * १० ** १७. उत्तर क्षणात येतं, []. पायथन आधी बघते की यादीत काही आहे का, आणि नसेल तर पुढचं कामच करत नाही. मात्र घात १९ केलात तर ती रिकाम्या यादीलाही नकार देते, कारण एकावर एकोणीस शून्यं हा आकडा तिच्या मोजपट्टीतच मावत नाही. काहीच नसलेली यादी कितीदा लिहायची हेसुद्धा तिला आधी मोजता आलं पाहिजे.